'फिर नीलम दर्रा'ची बाजू

'फिर नीलम दर्रा' हा चांगला सिनेमा होता, असं म्हणणारी माझ्या ओळखीत आता मी एकटीच उरले आहे. पहिला 'नीलम दर्रा' आठवणारी म्हातारी माणसं अजून अधूनमधून भेटतात. त्यातला झुलता पूल, पुलावरची तलवारबाजी, शेवटी कापला गेलेला दोर आणि खोल दरीत पडणारा नायक, हे सगळं ती अगदी गहिवरून सांगतात. मग दुसऱ्या भागाचं नाव काढलं की हसायला लागतात. मेलेला नायक जिवंत केला, घोडा आगगाडीवरून उडवला, बाईला वाघाशी लढवलं, काहीच्या काही सिनेमा होता म्हणतात. परवा माझ्या नातवानं फोनवर बराच वेळ शोधला. ना त्याची फिल्म सापडली, ना एखादा फोटो. कुणीतरी कुठंतरी लिहिलेली एक ओळ तेवढी मिळाली, की पहिल्याच्या यशावर काढलेला टुकार दुसरा भाग. ती वाचून दाखवून तो म्हणाला, "जाऊ दे आजी, फालतूच असेल." मी म्हटलं, बस जरा, सांगते. तो बसला, पण त्याची सेकंड शिफ्ट होती, तेव्हा निम्म्यातच उठून गेला. त्याला सांगायचं राहिलं ते इथं लिहिते.

आम्ही तेव्हा महाळुंग्याला राहत होतो. आता तिथं कंपन्यांच्या भिंती आणि कंटेनरच्या रांगा आहेत, तेव्हा आमच्या दारातून भामचंद्राचा डोंगर सरळ समोर दिसायचा. मागे कांद्याची चाळ होती आणि उन्हाळ्यात सगळ्या घराला, अंथरुणांनासुद्धा, कांद्याचा वास यायचा. पहाटे विहिरीवर मोटेचं चाक करकरायला लागलं की मला जाग यायची. पाठोपाठ जात्याची घरघर सुरू व्हायची. घरात आबा, म्हणजे माझे वडील, आई, मी, म्हणजे सुमी, आणि हौसाआत्या. आत्या आबांची धाकटी बहीण. उंच, हाडापेरानं मोठी, कपाळावर आडवं ठसठशीत कुंकू, आणि हसायला आलं की तोंडावर पदर धरायची. तिच्या हातच्या मासवड्या आख्ख्या गावात नाव काढण्यासारख्या होत्या. बेसनाचं पीठ शिजवून ओल्या फडक्यावर थापायची, त्यावर तीळ, सुकं खोबरं आणि भाजलेल्या कांद्याचं सारण पसरायची आणि फडक्यासकट अशी वळत आणायची की कुठं चीर म्हणून पडायची नाही. मी तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसायची, कडेचे तुकडे मला मिळायचे. आजही मासवडी खाताना मी आधी कडेचा तुकडा उचलते. सुना म्हणतात, मधला घ्या की. त्यांना काय सांगायचं.

आत्याचं लग्न लहानपणीच झालं होतं. तिचे यजमान, आमचे सखाराम दाजी, लढाईच्या काळात पलटणीत भरती होऊन ब्रह्मदेशाकडे गेले आणि परत आले नाहीत. मेल्याचं कुणी कळवलं नाही, बेपत्ता आहेत एवढंच समजलं. सासरच्यांनी थोडे दिवस सांभाळली आणि मग आणून सोडली. दाजी आणि आबा तालमीतले जोडीदार. हे लग्नच मुळी त्या दोस्तीतून झालेलं. त्यामुळे दाजी येणार, हे आबांनी घरात ठरवूनच टाकलं होतं. दाजींची तालमीत फिरवायची लाकडी जोडी ते सणासुदीला तेल लावून पुसून ठेवायचे. दसऱ्याला सोनं वाटताना आपट्याचं एक पान दाजींच्या नावानं देव्हाऱ्यात ठेवायचे. रस्त्यानं कुणी अनोळखी माणूस पिशवी घेऊन येताना दिसला की हातातलं काम टाकून उभे राहायचे. आमच्यात पाट लावायची, म्हणजे बाईचं दुसरं लग्न करायची, रीत होती. आत्यासाठी चांगल्या घरची माणसं विचारायला आली, पण आबांनी त्यांना चहासुद्धा न पाजता वाटेला लावलं. "आमचं दाजी यायचं हायेत," एवढंच बोलायचे. आत्या आत चुलीपाशी असायची. तिचं मत कुणी विचारलं नाही आणि तिनंही कधी सांगितलं नाही. आबांचा तिच्यावर फार जीव होता. म्हणूनच तर सगळं अवघड झालं होतं.

सुगी झाली की चाकणला बाजाराच्या मैदानात सिनेमाचा तंबू लागायचा. बैलगाडीला दोन्ही बाजूंनी चित्रांचे फळे बांधून, ताशा वाजवत एक माणूस गावोगाव फिरायचा. आम्ही आख्खं घर पहिला 'नीलम दर्रा' बघायला गेलो. गाडीत गोधड्या, भुईमुगाच्या शेंगा, भाकरी आणि ठेचा. तंबूत मधोमध कापड लावून बायका आणि पुरुष वेगळे बसायचे. बाहेर विजेचं इंजीन धडधडत असायचं आणि त्याच्या आवाजात निम्मं बोलणं ऐकू यायचं नाही. आलं तरी हिंदी कुणाला पुरतं कळत होतं? पण पुलावरचा दोर तुटला तेव्हा कापडाच्या पलीकडून आबांचा हुंदका मी ओळखला. पडद्यावर चंदा नावाची नायिका दरीच्या काठावर उभी राहून रडत होती आणि तिथंच सिनेमा संपला. परत येताना गाडीत आत्या बैलांच्या पाठीकडे बघत बसली होती. आईनं तिच्या मांडीवर हात ठेवला, तो तिनं तसाच राहू दिला.

आमच्या शाळेचे गुरुजी पुण्याचे. संध्याकाळी ओट्यावर आबांशी गप्पा मारायला येत. एकटे राहायचे, त्यामुळे पुष्कळदा जेवूनच जात. पहिला सिनेमा त्यांना फार आवडला होता. त्यात त्याग आहे म्हणत. पुढे दुसऱ्या वर्षी तंबू लागला आणि ताशेवाला 'फिर नीलम दर्रा' असं ओरडत गेला, तेव्हा गुरुजींनी तो पहिल्याच दिवशी बघितला आणि ओट्यावर येऊन जाहीर केलं, "निव्वळ भंपकपणा. मेलेल्या माणसाला परत आणलाय. दरीत पडला तो म्हणे झाडात अडकला. प्रेक्षक काय मूर्ख आहेत?"

आबांच्या हातातली तंबाखू तशीच राहिली. ते आत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आपल्या घरातलं कुणी जायाचं न्हाई त्या शिनेमाला."

आत्या भाकरी थापत होती. ती परातीवरचा हात न थांबवता म्हणाली, "दादा, मला बघायचाय दुसरा भाग."

"न्हाई, हौसे."

"का?"

"सांगितलं न्हवं, न्हाई म्हणून."

का ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. पडद्यावर कुणाचा तरी माणूस परत येताना बघून तिचं काळीज फाटेल, अशी त्यांना भीती होती. आत्यानं पुन्हा विचारलं नाही. तव्यावरची भाकरी मात्र त्या दिवशी करपली, आणि तिच्या हातून भाकरी करपलेली मी तेव्हाच बघितली.

आईचं माहेर चाकणचं. चार दिवसांनी मामाच्या मुलाचं बारसं होतं. आईनं आबांना सांगितलं, की वन्सं आणि सुमीला मी बरोबर नेते, कामाला हात लागतील. आबा हो म्हणाले. बारसं आटोपलं, दिवेलागण झाली, तशी आईनं आत्याच्या हातात शेंगांचं गाठोडं दिलं आणि म्हणाली, "जावा वन्सं. सुमीला संगं घ्या. मी हितं हाय."

"आन् दादा?"

"त्यांचं मी बघते."

माझी आई साधी, आबांच्या शब्दाबाहेर न जाणारी बाई होती. त्या दिवशी तिनं हे का केलं, हे मी तिला ती असेपर्यंत विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

आता सिनेमाबद्दल. तो खोटा होता हे मला मान्य आहे. वाघाच्या पोटाची शिवण मला त्या वयातसुद्धा दिसली होती. घोड्यानं ज्या आगगाडीवरून उडी मारली ती खेळण्यातली होती, तिचा धूर एखाद्यानं विडी ओढावी इतकाच निघत होता. मोठ्या फुग्याला लटकून चंदा किल्ल्यात उतरते तेव्हा वरचा दोर स्पष्ट दिसत होता. पण पहिल्या भागात जी बाई शेवटी काठावर उभी राहून नुसती रडत होती, ती या भागात सुरुवातीलाच डोळे पुसते, ओढणी फाडून तिचा लगाम वळते आणि घोड्यावर बसते. मग पुढे सगळं तीच करते. किल्ल्यात तीच शिरते, वाघाच्या तोंडात पेटता पलिता तीच घालते, दरोडेखोरांच्या म्होरक्याला तीच खांबाला बांधते. आमच्या बायकांच्या बाजूला पहिल्यांदा शांतता होती. मग कुणीतरी "हाण त्याला" म्हणालं, आणि मग सगळ्याच बोलायला लागल्या. आत्यानं माझा दंड इतका घट्ट धरला होता की तिच्या बांगड्यांचे वळ उमटले. ती पडद्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे. इंजिनाच्या धडधडीत, रॉकेलच्या वासात, इतक्या बायकांच्या मधोमध मी तिच्या कुशीत बसले होते आणि मला ते संपूच नये असं वाटत होतं. तसं बसणं मला पुढे आयुष्यात पुन्हा मिळालं नाही.

शेवटी नायक येतो. दाढी वाढलेली, कपडे फाटलेले. पुरुषांच्या बाजूनं शिट्ट्यांचा पाऊस पडला. तो हात पसरून म्हणतो, "चंदा, मैं आ गया." चंदा घोड्यावर बसलेली. ती त्याच्याकडे बघते, हसते आणि म्हणते, "आ गए? अच्छा किया. वह दूसरा घोड़ा खोल लो." आणि टाच मारून पुढे निघते. तो बिचारा घोडा सोडायला धावतो. बस, संपला सिनेमा. पुरुष चिडले. पडद्यावर शेंगांची टरफलं फेकली, कुणी पैसे परत मागायला लागलं. माझ्या शेजारी आत्या हसत होती. पदर बिदर काही न धरता, तोंड उघडून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. बाहेर पडताना कनातीपाशी मफलर गुंडाळलेला एक माणूस आम्हाला बघून पटकन वळला. ते आमचे गुरुजी होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही घरी आलो. संध्याकाळी गुरुजी ओट्यावर बसले आणि विषय नको असताना आबांनीच काढला. "गेला का तंबू?"

"जाईल आता. अशा भिकार सिनेमाला कोण येणार," गुरुजी म्हणाले.

आत्या चहा घेऊन बाहेर आली. दोघांच्या पुढे पितळ्या ठेवल्या आणि नेहमीसारखी आत न जाता उंबऱ्याजवळ उभी राहिली. "दादा, मी बघितला तो काल. वैनीचा दोष न्हाई, मलाच जायाचं हुतं." मग गुरुजींकडे वळली. "भिकार हाय तर तुमी दुसऱ्यांदा कशाला आलावता, गुरुजी?"

गुरुजी लाल झाले. मग प्रामाणिकपणे म्हणाले, "वाघासाठी. वाघ खोटा आहे, पण आवडला मला."

मला हसू आलं. पण आबा हसले नाहीत. ते आत्याकडे बघत होते. "बघितलास? मेलेलं माणूस येतंय न्हवं त्यात परत?"

"येतंय."

"म्हणूनच नको म्हणत हुतो. ते बघून तुला काय..."

"दादा, मी त्याच्यासाठी न्हाई गेले. त्यो येतोय तवर तिचं काम झालेलं असतंय. त्यो आला तर बरंच, न्हाई आला तर ती घोड्यावर हायेच. मला ती बघायची हुती." तिनं आवाज चढवला नाही. "मी वाट बघती असं तुमी समजताय. सुरवातीची दोन-तीन सालं बघितली. मग ऱ्हायलं. वाट तुमी बघताय दादा. तुमचा दोस्त हुता. आन् तुमी बघताय म्हणून मी हितं बसलीय."

 गुरुजी उठून निघून गेले, चहा तसाच राहिला. आबा हातातली पितळी खाली ठेवून गोठ्यात गेले. मी मागं जायला लागले तशी आईनं माझा हात धरला. गोठ्यात म्हशीच्या गळ्यातली घंटा तेवढी वाजत होती. आत्या चुलीपुढे बसली आणि तिनं पीठ मळायला घेतलं. 

पिंपरीला औषधाचा नवा कारखाना निघाला होता. तिथं बाटल्या भरायला आणि तपासायला बायका घेतात, असं बारशाच्या दिवशी मामा बोलला होता. आत्यानं आठवड्याभरानं आबांना तेही विचारलं. आबा नाही म्हणाले. घरातली बाई कारखान्यात, लोक काय म्हणतील, तिथं कुणाचं कोण. आत्या वाद घालायची नाही, थोडे दिवस जाऊ द्यायची आणि पुन्हा विचारायची. कांदा काढून झाला, चाळीत भरला, विकला गेला, तरी हे चालू होतं. मग एके दिवशी आबा जेवताना म्हणाले, "पत्र्याची पेटी हाय का घरात एखादी?" आईला कळेना. "हौसीला लागंल," ते म्हणाले आणि पुढचा घास घेतला.

तिला पोचवायला मी आणि आबा गेलो. बैलगाडीनं इंद्रायणीपर्यंत, पलीकडे देहूला होडीनं, तिथून स्टेशनापर्यंत चालत. पेटी आबांनी स्वतःच्या खांद्यावर घेतली होती. गाडी हलली तेव्हा आत्यानं खिडकीतून माझ्या गालाला हात लावला. आबांना म्हणाली, "दादा, रानात जाताना काय तरी खाऊन जात जावा." आबांनी मान हलवली. परत येताना होडीत ते सारखे उजवा खांदा चोळत होते. मी म्हटलं, दुखतोय का. ते नाही म्हणाले.

घर मोठं झालं एकदम. जात्यावर आई एकटी. मासवडी आई करायची, पण वळताना चीर पडायची, आणि कडेचे तुकडे मला एकटीला खाववेनात. आत्या चिंचवडात एका कोकणी कुटुंबाशेजारी खोली घेऊन राहिली. दिवाळीला यायची, तेव्हा तिच्या अंगाला औषधाचा काहीतरी कडवट वास यायचा आणि ती बोलायचीही वेगळं. तांदळाची भाकरी करायला शिकली होती. आबांशी नीट बोलायची, पण ते तिच्याकडे कधी गेले नाहीत. ती पुढे तिथंच राहिली, तिथंच म्हातारी झाली. पाट तिनं लावला नाही. कुणी विचारलं असेल तर आम्हाला सांगितलं नाही. दाजी आले नाहीत. कुंकू तिनं शेवटपर्यंत लावलं, कशासाठी ते तिचं तिला ठाऊक. मी लग्न होऊन आकुर्डीला आले तेव्हा आम्ही दोघींनी ठरवलं होतं, की 'फिर नीलम दर्रा' कुठं लागला की जायचं. पुण्यातसुद्धा चौकशी केली. तो कधी लागलाच नाही. पहिला भाग लागला होता एकदा. आत्या म्हणाली, "तो नको."

गुरुजी बरोबर होते, तो सिनेमा भंपक होता. पण जे सिनेमे चांगले म्हणून नावाजले गेले त्यांतली बाई शेवटी कुठं उभी असते ते मी पुष्कळदा बघितलं आहे. एका फाटक्या तंबूत, खोट्या वाघापुढे, आमच्या घरातलं एक माणूस मोकळं झालं. तो दुसरा भाग कुणी जपून ठेवला नाही याचं मला वाईट वाटतं. मी तो अजून बघायला जाईन, पाय धड चालत नसले तरी. फक्त शेजारी कोण बसणार, एवढाच प्रश्न आहे.

एक सांगायचं राहिलं. आत्या कारखान्यात कामाला गेली त्याला वर्ष उलटून गेलं होतं. पिंपरीच्या बाजूला एक बैल बघायचा आहे असं सांगून आबा निघाले आणि मलाही बरोबर घेतलं. बैल कुठं बघितला नाही. विचारत विचारत आम्ही कारखान्याच्या फाटकाशी पोचलो आणि समोर लिंबाखाली उभे राहिलो. भोंगा झाला. फाटक उघडलं आणि बायका बाहेर पडायला लागल्या, घोळक्या घोळक्यानं, डबे हातात. आत्या मधोमध होती. शेजारची बाई तिला काहीतरी सांगत होती आणि ती हसत होती, मान मागं टाकून, तोंड उघडून. तंबूतलं ते हसू मी ओळखलं. आबांनी ते कधी बघितलेलं नव्हतं.

"हाक मारू का?" मी म्हटलं.

आबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "नगं. हसतीय तर हसू दे."

त्या सगळ्या आमच्या समोरून स्टेशनच्या रस्त्याला लागल्या. गर्दीत ती दिसेनाशी झाली तरी आबा तिथंच उभे होते.